कावडीने खांदा धरतो, दांडी मोडते: दांडी, चाल आणि वजन यांचा मेळ

साकोलीकडच्या एका भावाने विचारलं आहे. गावचा मामा (माजी मालगुजारी) तलाव मच्छीमार सोसायटीकडे आहे. ओढजाळं ओढलं की एका सकाळी दोन क्विंटलच्या आसपास रोहू, कतला निघतो. तिथून डांबरी रस्ता पाऊण किलोमीटर. त्यातली निम्मी वाट तलावाच्या पाळीवरून (बांधावरून), निम्मी धानाच्या बांध्यांमधल्या अरुंद धुऱ्यावरून, म्हणजे गाडी जाण्याचा प्रश्नच नाही. जुनी माणसं कावडीनं मासळी आणत. आताच्या पोरांचा खांदा धरतो, आणि मागच्या हंगामात दोन दांड्या मोडल्या. तर कावड सोडून लोखंडी पाइप घ्यावा, की प्लास्टिकचे क्रेट दोघादोघांनी उचलावेत? शिवाय पावसाळ्यात याच वाटेनं बोटुकली (माशांची बोटाएवढी पिल्लं) तलावावर न्यायची आहे, त्याला कावड चालेल का?

भाऊ, तुमच्या प्रश्नात सगळा दोष दांडीवर गेला आहे. पण खांदा धरणं आणि दांडी मोडणं ही एकाच दुखण्याची दोन टोकं आहेत. दांडी किती लवते, माणूस कोणत्या चालीनं चालतो आणि टोपल्यात किती भरलं आहे, या तिन्हींचा मेळ बसला तर कावड चालते. एक जरी हुकलं तरी उरलेल्या दोघांचा भार खांद्यावर येतो. कोणत्या गावाला कोणती दांडी, हे तिथं मिळणाऱ्या बांबूवर, पोरांच्या उंचीवर आणि धुऱ्यावर चिखल किती असतो त्यावर ठरतं. म्हणून खाली मापं दिली आहेत ती सुरुवातीची समजा, शेवटचं माप तुमच्याच वाटेवर ठरेल.

आधी चालीचं बोलू, कारण तिथंच बहुतेकांचं चुकतं. पोराच्या खांद्यावर कावड दिली की बाकीचे ओरडतात, 'हळू चाल, हळू चाल.' वाटेवर घसरण असेल तर गोष्ट वेगळी, पण कोरड्या वाटेवर हा सल्ला उलटा पडतो. माणूस चालताना त्याचा खांदा दर पावलाला थोडा वर जातो, थोडा खाली येतो. दांडी ताठ असेल तर खांद्याबरोबर तीस किलोही वर जातात आणि खाली आपटतात. दांडी लवचिक असेल तर खांदा हलतो, पण टोपली जवळजवळ एका पातळीत पुढे सरकत राहतात. मात्र हे केव्हा होतं? दांडीचा स्वतःचा झोका पावलांपेक्षा संथ असेल तेव्हाच. झोका आणि पाऊल एकाच तालात आले तर टोपली दर पावलाला जास्तच उसळू लागतात. पोराला वाटतं दांडी वाईट आहे, म्हणून तो आणखी हळू चालतो, आणि त्यानं पावलं नेमकी त्या झोक्याच्या तालात येतात.

हे मोजता येतं. एकानं कावड खांद्यावर घेऊन उभं राहावं, दोन्ही टोपल्यांत रोजचं वजन असावं. दुसऱ्यानं टोपलं थोडं खाली दाबून सोडावं आणि घड्याळ लावून दहा सेकंदांत किती झोके होतात ते मोजावं. वीसच्या आसपास झोके आले तर ती दांडी पंचाईतीची, कारण साध्या चालीत दहा सेकंदांत पावलंही तेवढीच पडतात. पंधराच्या आसपास आले तर दांडी ठीक. अशी दांडी घेऊन आखूड आणि भरभर पावलं टाकायची, दहा सेकंदांत बावीस-तेवीस, म्हणजे दुडक्या चालीला थोडी कमी. जुने ढिवर, कहार कावड घेऊन लगबगीनं जाताना दिसतात ते घाई असते म्हणून नव्हे, त्या चालीतच ओझं हलकं पडतं.

घड्याळ नसेल तर डोळ्यानं बघा. पंधरा-पंधरा किलो टांगल्यावर टोकं मधल्या भागापेक्षा दोन-तीन बोटंच खाली आली तर दांडी काठीसारखीच ताठ. चार बोटं आली तर झोका नेमका पावलांच्या तालात पडतो, म्हणजे सर्वांत वाईट. अर्धी वीत किंवा थोडी जास्त आली की बरोबर. पुरी वीतभर किंवा त्याहून जास्त लवली तर झोका छान संथ असतो, पण दांडीला ताण जास्त बसतो आणि टोपली धुऱ्याच्या गवताला घासतात.

आता पाइपचं उत्तर आपोआप मिळतं. एक इंची लोखंडी पाइप या वजनाला अगदीच कमी लवतो, त्यामुळे प्रत्येक पावलाचा दणका खांद्याला बसतो. सहा फुटी पाइप स्वतःच चार किलोच्या आसपास भरतो, बांबूची चांगली दांडी सव्वा-दीड किलोत होते. वर पाइप गोल आणि गुळगुळीत, म्हणजे खांद्यावर फिरतो, आणि मे महिन्यात त्याला हात लावून बघा. एकट्यानं वाहायच्या कावडीला पाइप घेऊ नका.

पण गोल अख्खा बांबूही याच कारणानं चालत नाही, आणि तुमच्याकडे बहुधा तोच वापरला जातो. दीड इंच जाडीचा मानवेल, म्हणजे भरीव जातीचा बांबू, अख्खा घेतला तर पंधरा-पंधरा किलोला तो दीड-दोन बोटंच लवतो. दांडी चिरून, चपटी करून घ्यायची असते. मानवेल अडीच इंचाच्या वर जाड मिळाला तर उभा अर्धा चिरा. नाही तर कटांग जातीच्या बांबूच्या बुडाकडचा जाड भिंतीचा भाग घ्या. लांबी साडेपाच ते सहा फूट, रुंदी तीन बोटं, मधली जाडी अंगठ्याएवढी, म्हणजे वीस मिलिमीटरच्या आसपास, आणि दोन्ही टोकांकडे निमुळती करत बारा-तेरा मिलिमीटर. मध्यभागी ताण सर्वांत जास्त आणि टोकांकडे जवळजवळ काहीच नसतो, म्हणून टोकं बारीक केली तरी बिघडत नाही, उलट दांडी लवायला मदत होते.

तासताना घाई करू नका. जाडी एक दशांशानं कमी केली की ताठपणा चौथाईहून जास्त घटतो. कोयत्यानं ढोबळ आकार द्या. मग काचेच्या तुकड्यानं खरवडत, मध्येमध्ये वजन टांगून बघत जा. तासायचं ते नेहमी आतल्या, पांढऱ्या बाजूनं. बाहेरची हिरवी-पिवळी साल अजिबात खरवडायची नाही, कारण बांबूचे दाट, चिवट धागे सालीलगतच असतात. कावड भरल्यावर दांडीची वरची बाजू ताणली जाते, खालची दाबली जाते. म्हणून साल वर, पोटाची बाजू खांद्यावर. पोटाच्या कडा खांद्याच्या भागात गोल करून घ्या. बांबूला मुळातच थोडा वाक असेल तर पोक वर आणि टोकं खाली येतील असा धरा. उलटा धरला तर दांडी खांद्यावर कुशी बदलायला बघते.

गाठींची जागा चिरतानाच ठरवा. खांद्यावर गाठ येऊ देऊ नका, दोन गाठींमधल्या कांड्याचा मध्य तिथे यावा. टोकाला मात्र गाठ हवी. शिक्याची (टोपलं टांगायच्या दोरांची) खाच गाठीच्या किंचित आत पाडा, म्हणजे दोर बाहेर सरकत नाही आणि खाचेतून निघालेली चीर गाठीपाशी थांबते. खाच बोटभर रुंद, फार तर तीन-चार मिलिमीटर खोल आणि गोल बुडाची. करवतीनं कापलेल्या उभ्या कोपऱ्याच्या खाचेतूनच चीर सुरू होते.

आणि मोडलेल्या दांड्या जरा तपासा. तुकडे टाकले नसतील तर कुठे मोडल्या ते बघा. मधोमध खिळा ठोकलेला, तार आवळलेली किंवा खूण म्हणून कोयत्याचा घाव घातलेला असेल तर कारण तेच. मध्यभागी वरच्या सालीवर नखाएवढा घाव पुरतो. पीठ पडत असेल, बारीक भोकं असतील तर घुण लागलेला होता. धागे लांब लांब फाटून मोडली तर बांबू चांगला होता, वजन जास्त झालं किंवा कुणी टोपलं धपकन टाकलं. सपाट, खडूसारखी तुटली असेल तर बांबू कोवळा, कुजका किंवा उन्हानं मेलेला. उभी चीर असलेली दांडी नायलॉनच्या सुतळीनं घट्ट गुंडाळून हंगाम काढते, फक्त गुंडाळी खांद्याच्या जागी नको. आडवी चीर दिसली की दांडी चुलीत घाला.

बांबू तोडायचा तो तीन वर्षांच्या पुढचा. वरची कोशं गळून गेलेली, रंग मळकट पडलेला, कोयत्याच्या मागच्या बाजूनं ठोकल्यावर आवाज टणक येतो. पावसाळ्यात नवे कोंब फुटत असताना तोडू नका. थंडीत तोडलेल्या बांबूत गोडवा कमी असतो म्हणून घुण कमी लागतो. तोडल्यावर तीन-चार आठवडे तलावात दगडाखाली बुडवून ठेवा, पाणी हलतं असेल तर उत्तम. मग सावलीत उभा करून वाळवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ओला बांबू उघड्यावर टाकला तर आठवड्यात चिरा पडतात. तयार दांडीला जवसाचं तेल दोन-तीन हात पातळ चोळा. ते हवेनं वाळून पृष्ठभाग धरतं. मोहाच्या टोळीचं (बियांचं) किंवा करंजीचं तेल वाळत नाही, चिकट राहतं आणि दुपट्टा खराब करतं. बांबू शेतातलाच असेल तर तोडायला आता फार कटकट नाही, २०१७ साली भारतीय वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला. मात्र जंगलातला तोडायचा तर सामूहिक वनहक्क असलेल्या ग्रामसभेशी किंवा वनखात्याशीच बोलावं लागेल.

नवी दांडी थेट मासळीला लावू नका. रोजच्या दीडपट वजन टांगून, मध्ये गोणीची घडी ठेवून, तासभर बैलगाडीच्या दांडीवर ठेवा. वजन काढल्यावर ती पूर्वीसारखी सरळ झाली तर पास. वाकलेलीच राहिली तर बांबू कच्चा आहे.

शिकं चार दोरांचं, टोपल्याच्या बुडाखाली फुली मारून वर एका कडीत बांधलेलं. अंबाडीच्या वाखाचा दोर मला आजही नायलॉनपेक्षा बरा वाटतो: भिजला की आखडतो आणि गाठी घट्ट होतात. नायलॉन ताणला जातो, गाठ सुटते, त्यामुळे सकाळी बरोबर असलेलं टोपलं तिसऱ्या खेपेला जमिनीला लागतं. नायलॉनच वापरायचं तर गाठीनंतर टोक वितळवून घ्या आणि पहिल्या दिवशी वजन टांगून ताणून मग माप ठरवा. सरळ उभं राहिल्यावर टोपल्याचं बूड जमिनीपासून दीड वीत वर असावं. तुमच्या वाटेत पाळ चढायची आहे, तिथे पुढचं टोपलं उताराला अडतं. म्हणून पुढच्या शिक्याला वर एक जादा गाठ ठेवा, चढापाशी चार-पाच बोटांनी आखूड करता येईल अशी. नाही तर चढताना कावड थोडी तिरपी धरा. दोन्ही हात दोन्ही शिक्यांच्या दोरांवर ठेवायचे. उचलण्यासाठी नव्हे, झुलणं आवरण्यासाठी.

टोपलं बुरडाकडून उथळ आणि पसरट करून घ्या. वीणही थोडी सैल, पाणी निथळेल अशी. खोल टोपल्यात खालच्या रोहूचं पोट वरच्यांच्या भारानं फुटतं आणि मग बाजारात तो माल वेगळा काढावा लागतो. वीतभराहून जास्त थर नको. बुडाला पळसाची पानं अंथरा. सागाची नको, ओल लागली की त्यांचा लाल रंग मासळीला लागतो. रोज काम झाल्यावर टोपलं घासून धुवून उन्हात पालथं घाला, कामट्यांमधल्या फटीत खवले आणि चिकटा राहिला तर दुसऱ्या दिवशी माल तिथूनच वास धरतो.

आता वजन. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषानं वाहायच्या ओझ्याची वरची मर्यादा ५५ किलो धरली आहे, पण ती काठावरची मर्यादा आहे, रोजच्या खेपेचं माप नाही. वर दिलेल्या मापाच्या दांडीला आणि नव्या पोराला पंधरा-पंधरा, मिळून तीस किलो पुरे. कसलेला माणूस चाळीसपर्यंत नेईल, पण त्याची दांडी जरा जाड हवी, कारण तीच दांडी चाळीसला जास्त लवेल आणि जास्त ताणली जाईल. दोन क्विंटल म्हणजे तीस किलोच्या सात खेपा. चार पोरं असतील तर प्रत्येकी दोन, त्यातही एक जण एकदाच. एका खेपेला पन्नास किलो लादून चार खेपांत संपवण्याचा हिशेब करणाऱ्यांच्याच दांड्या मोडतात. दोन्ही बाजू तोलून सारख्या करत बसू नका. पुढे सतरा, मागे तेरा झाले तर खांदा दांडीच्या मध्यापासून जड बाजूकडे अर्धी वीत सरकवला की तोल येतो.

बर्फ कावडीवर चढवू नका. उन्हाळ्यात मासळीच्या वजनाएवढा बर्फ लागतो, थंडीत निम्मा. तो वाहून नेण्यात खेपा वाया जातात आणि वितळलेलं पाणी पाठीवर गळतं. पाऊण किलोमीटर भरभर चालीनं दहा-बारा मिनिटांची वाट आहे. सकाळच्या वेळी ओलं पोतं झाकून आणलेली मासळी तेवढ्यात बिघडत नाही. बर्फाची पेटी रस्त्यापाशी सावलीत ठेवा आणि पहिली खेप पोचली की लगेच भरायला लागा, सगळ्या खेपांची वाट बघू नका. मरळ, मागूर निघाले तर पाणी भरून नेण्याची गरज नाही. हे मासे हवेतूनही श्वास घेतात, ओल्या पोत्यात किंवा जलकुंभीत झाकून जिवंत पोचतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो ओझं, हे कावडीवर विसरता येत नाही.

खांद्यासाठी दुपट्ट्याची चार पदरी घडी पुरते. जाड स्पंज घेतला तर दांडी त्यावर लोळते. दांडी मानेच्या आणि खांद्याच्या टोकाच्या मधल्या मांसल भागावर बसली पाहिजे, हासळीच्या हाडावर नाही. दर दीडशे-दोनशे पावलांनी, दुखायच्या आधीच, खांदा बदला. न थांबता दांडी मानेमागून सरकवायची, हे पाच-पाच किलोवर आठवडाभर गिरवून घ्या. पाळ उतरल्यावर कमरेच्या उंचीवर दोन बेचकी खांब रोवून आडवं लाकूड टाका. कावड जमिनीवर ठेवून परत उचलण्यात कंबर जाते, बेचक्यावर टेकवली की नुसतं खांदा काढून उभं राहता येतं. एक मात्र ध्यानात ठेवा: खांदा लाल होणं, दुखणं हे सवयीनं जातं, पण हाताला मुंग्या येत असतील, बोटं बधिर होत असतील तर ते मज्जातंतू दाबला गेल्याचं लक्षण आहे. त्या पोराला कावडीवरून काढा आणि डॉक्टरला दाखवा.

क्रेटचं म्हणाल तर रस्त्यावर, गाडीत आणि बर्फात रचायला क्रेटच चांगला. धुऱ्यावर दोघांनी कडेला धरून नेणं मात्र नको. धुरा एका माणसापुरता असतो, दोघं समोरासमोर धरून चालतात आणि मागे चालणारा आंधळा असतो. त्यातून पाळीचा उतार आला की वजन खालच्या माणसाकडे कलंडतं. दोघांनीच न्यायचं तर क्रेट दोरानं दांडीच्या मधोमध टांगा आणि पुढे-मागे चाला, जुन्या काळी मेणे वाहणारे भोई चालत तसं. टांगलेलं ओझं चढावरही दोघांत सारखंच वाटलं जातं, फक्त दोर दांडीवरून घसरता कामा नये, म्हणून तिथे दोन्ही बाजूंनी आवळून गाठ मारा. पाइप आधीच आणला असेल तर तो इथे वापरा, भिजलेलं ओढजाळं नेण्यासाठीही तो कामाचा आहे. ज्या बाया टोपलं डोक्यावर नेतात त्यांना क्रेट देऊ नका, सपाट कडक बुडाला चुंबळ धरत नाही आणि भोकांतून पाणी थेट चेहऱ्यावर येतं.

बोटुकलीला कावड उत्तम चालते. ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या येतात, त्यात एक भाग पाणी आणि दोन भाग ऑक्सिजन असतो. सहा लिटर पाण्याची पिशवी सात किलोच्या आत भरते, म्हणजे एका बाजूला दोन, दोन्ही बाजूंना मिळून चार. टोपल्यात आधी गोणपाट अंथरा, कारण बांबूची एक कुसळ पिशवी फोडायला पुरते, आणि फुटल्याचं कळतं ते तलावावर पोचल्यावर. पिशवीचे खालचे दोन्ही कोपरे दोऱ्यानं बांधून गोल करून घ्या, नाही तर पिल्लं कोपऱ्यात दाटून मरतात. आदल्या दिवशी त्यांना खाद्य नको, पोट रिकामं असलं की पाणी घाण होत नाही. सकाळी लवकर निघा. वर ओलं पोतं टाका.

ऑक्सिजनची सोय नसेल तर उघड्या हंड्यातूनही नेता येते, पिल्लं मात्र विरळ ठेवावी लागतात. इथे दांडीचा झोका कामी येतो: चालताना पाणी सतत हिंदकळतं आणि त्यात हवा मिसळत राहते. म्हणून हंडे घेऊन मध्येच गप्पा मारत थांबू नका. थांबावंच लागलं तर हातानं पाणी ढवळत राहा. पोचल्यावर पिशव्या न सोडता पंधरा-वीस मिनिटं तलावाच्या पाण्यावर तरंगत ठेवा, मग तोंड उघडून तलावाचं पाणी थोडं थोडं आत घ्या, आणि पिशवी तिरपी धरून पिल्लांना आपणहून बाहेर जाऊ द्या.